दुसऱ्या अंतऱ्याआधीचा पीस

टेप बंद केला तरी पीस चालूच राहिला. श्रीधरला आधी वाटलं, कानातच राहिला असेल. अकरा दिवस तेच तेच ऐकल्यावर कानाला तशी खोडच लागते. आंघोळ करताना, ऑफिसात हजेरीपटावर सही करताना, भाजीवाल्याशी घासाघीस करतानासुद्धा ते आत चालूच असतं. पण कानात राहणारी गोष्ट आपल्याला माहीत असलेली असते, आणि ही माहीत नव्हती. बासरी संपते, तबला चार मात्रा एकटाच जातो आणि मग दुसरा अंतरा उचलायचा, असं तो अकरा दिवस धरून चालला होता. त्या चार मात्रांत आणखी काहीतरी आहे, तबल्याच्या खाली काहीतरी सरकतं आहे, एवढा वास त्याला आला होता. पण हाताला लागत नव्हतं. आणि आता, रविवारी सकाळी साडेनऊला, स्वयंपाकघरातून, परातीच्या खणखणाटातून ते सरळ चालत बाहेर आलं. बासरीची शेवटची ओढ, आणि बरोब्बर त्या रिकाम्या जागेत तीन सूर खाली उतरत, चौथ्यावर थोडं थांबून. म, ग, रे, आणि खालचा कोमल नी. त्यानं मांडीवरच्या मेंडोलिनवर ते चार सूर हळूच दाबून पाहिले. मग टेप मागं घेतला, आवाज पूर्ण सोडला आणि स्पीकरच्या जाळीला कान चिकटवला. होतं. कुठल्याशा जाड तारेच्या वाद्यावर, तबल्याच्या पोटाखाली दडून, अगदी तेच होतं. त्याची बायको, प्रतिभा, आत कणीक मळत होती.

आनंद व्हायला पाहिजे होता की नाही? अकरा दिवसांचा गुंता सुटला होता. पण त्याच्या छातीत काहीतरी आवळल्यासारखं झालं आणि तोंड कडू पडलं. हेवा वाटला. त्याला दुसरा शब्द नाही, आणि श्रीधरनंही नंतर शोधून पाहिला नाही. त्यानं आपल्या आयुष्यात पैसा कमावला नाही, बढती मिळवली नाही. सिंचाई विभागात बाबू म्हणून चिकटला तो चिकटलाच. पण पांढुर्ण्यात कोणालाही विचारा, गाण्यातल्या मधल्या तुकड्यांचं कोणाला कळतं म्हणून, तर लोक त्याच्याच घराकडं बोट दाखवायचे. गाणं काय, कोणीही गातो. मुखडा सगळ्यांना येतो, अंतरा अर्ध्यांना येतो. पण दोन ओळींच्या मध्ये जे वाजतं, ज्याच्याकडं लोक लक्षसुद्धा देत नाहीत आणि जे चुकलं तर मात्र ज्यांना काही कळत नाही तेसुद्धा चुळबुळ करतात, ते तुकडे, ज्यांना वाजवणारे पीस म्हणतात, ते कानानं उचलून, सारेगममध्ये वहीत उतरवून, पाच जणांच्या ऑर्केस्ट्राला वाटून देणं, हे काम या गावात त्याचं होतं. सोळाव्या वर्षापासून. तेव्हा कुठला टेप न् कुठलं काय. स्टेशनजवळच्या हॉटेलात रेडिओ होता. गाणं लागलं की तो चहाचा कप तसाच ठेवून भिंतीला टेकायचा आणि पहिल्या पीसचे दोन तुकडे धरून ठेवायचा. तिसरा तुकडा निसटला की निसटला. मग तेच गाणं पुन्हा कधी लागेल याची वाट पाहत आठ आठ दिवस त्या हॉटेलात बसायचं. एक पीस पूर्ण व्हायला त्याला एकदा उन्हाळा ते दिवाळी लागली होती. त्या काळातल्या वह्यांत अजूनही अर्ध्या ओळी आहेत, पुढं ठिपके ठिपके. पाहिलं की त्याला आपलाच अभिमान वाटायचा. आणि ही बाई कणीक मळता मळता!

तो उठून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. प्रतिभाची त्याच्याकडं पाठ होती. खांदे पुढं-मागं होत होते, आणि गुणगुणणं थांबलेलं होतं.

"काय म्हणून राहिली होती तू?" त्यानं विचारलं.

"मी?" तिनं मान वळवली. नाकाला कणीक लागलेली. "मी तं काहीच नाही म्हटलं बाप्पा. कायले? चहा पाहिजे काय तुमाले?"

"नको," तो म्हणाला. आणि बाहेर येऊन वहीत ते चार सूर लिहिले. लिहिताना त्याच्या मनात आलं की वर एका कोपऱ्यात 'प्र.' असं घालावं, निदान स्वतःला कळण्यापुरतं. घातलं नाही.

नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारायची गोटमार झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मनोहरच्या गोदामात तालीम होती. मनोहरचा संत्र्यांचा व्यापार. हंगाम नसला की गोदाम रिकामं, आणि मग तिथं ऑर्केस्ट्रा. वर्षभर त्या भिंतींना संत्र्यांच्या सालींचा आणि वाळल्या गवताचा वास असायचा. नवरात्रात सौसरला कार्यक्रम मिळाला होता, छिंदवाड्याचा एक ऑर्केस्ट्राही त्याच दिवशी येणार होता, म्हणून मनोहर पोळ्याच्या आधीपासूनच सगळ्यांच्या मागं हात धुऊन लागलेला. ढोलकवाला प्रकाश आदल्या दिवशी नदीत सावरगाववाल्यांचा दगड खाऊन आला होता, कपाळाला पट्टी. तरी वाजवत होता. दुसऱ्या अंतऱ्याआधी बासरी संपली आणि श्रीधरनं मेंडोलिनच्या जाड तारेवर ते चार सूर सोडले. मनोहरनं हार्मोनियमवरचा हातच उचलला.

"मास्तर! हे कुठून काढलं गा?"

"आहे त्याच्यात," श्रीधर म्हणाला. "ऐका नीट. कान पाहिजे."

कान पाहिजे! हे शब्द त्याच्या तोंडून इतक्या सहज गेले की त्याचं त्यालाच नवल वाटलं. प्रकाश पट्टीखालून हसला, रजनीनं, ती मुलींच्या शाळेत शिकवायची आणि ऑर्केस्ट्रात बाईचा आवाज तिचाच, "वा भाऊ" म्हणून मान हलवली, आणि श्रीधरला गरम गरम वाटलं, पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या होत्या तसंच. घरी जाताना मात्र सायकलवर त्याला एकदम राग आला. कोणावर, ते कळेना. तिनं काही मागितलं नव्हतं. तिला पत्ताही नव्हता. पत्ता नाही याचाच राग आला बहुतेक. ज्याच्यासाठी आपण वीस वर्षं भिंतीला टेकून उभं राहिलो ते एखाद्याजवळ पडून असावं आणि त्याला माहीतही नसावं, हा काय न्याय झाला?

त्या दिवसापासून तो तिच्यावर पाळत ठेवू लागला. चार-सहा दिवसांत त्याला कळलं की ती रोजच गुणगुणते, लग्नाला नऊ वर्षं झाली, नऊ वर्षं गुणगुणत असणार, आणि आपण हे कधी ऐकलंच नाही. त्यांची अनु तर जन्मल्यापासून तो आवाज ऐकत होती. तिला तो घरातल्या पंख्यासारखा, असला काय न् नसला काय. प्रतिभा गाणं कधी म्हणायची नाही. शब्द तिला यायचेच नाहीत. ती मधलंच म्हणायची, गाण्यांच्या मधलं, वाद्यांचं. आणि वरचं नाही, खालचं. बासरी वाजत असेल तर बासरीखाली जे चाललं आहे ते. ओठ मिटलेले, नाकातून, हात कामात. हात थांबले की आवाज थांबला. तिला कोणी ऐकतं आहे असं वाटलं की थांबला. हे एकदा ध्यानात आल्यावर श्रीधरनं जे सुरू केलं ते सांगायला त्यालाही लाज वाटली असती. तो संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर बाहेरच्या खोलीत टेप मोठ्यानं लावायचा, एकच पीस चार वेळा. मग बंद करायचा. मग वही घेऊन दाराच्या आड, मोरीच्या बाजूला, पाटावर बसायचा आणि वाट पाहायचा. भाकरी थापताना ती एखादी ओळ म्हणे, फार नाही. पोळ्या लाटताना दोन-तीन. पण सांबारवडी करायची म्हटलं की कोथिंबिरीच्या गड्डीच्या गड्डी निवडा, चिरा, सारण परता, पारी लाटा, वळा. तेवढ्यात अख्खा पीस व्हायचा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, खालची सगळी ओळ लावून. मग तो सकाळीच म्हणायचा, "आज सांबारवडी कर." आठवड्यात तिसऱ्यांदा म्हटल्यावर ती म्हणाली, "काय हो, पोटात काही शिरलं काय तुमच्या?" पण तिला बरं वाटलेलं दिसत होतं. नवरा मागून मागून खातो. नवरा एक तुकडा तोडायचा आणि वहीकडं पाहायचा.

खरं म्हणजे त्याला आवडायचीही नाही सांबारवडी आता. आणि मेंडोलिन हातात घेतलं की आतून कोणीतरी विचारायचं, हे तुझं का तिचं? पूर्वी एखादा अवघड तुकडा सुटला की तो स्वतःशीच गालात हसायचा. आता सुटला की तो आधी आठवून पाहायचा, हिच्या तोंडून तर आला नव्हता? जुन्या वह्या काढून तपासायला लागला. सत्त्याहत्तर सालचा तो पीस, ज्याच्यासाठी नागपूरहून आलेल्या एका व्हायोलिनवाल्यानं त्याची पाठ थोपटली होती, तो त्यानं कुठं बसून काढला होता? घरीच. नव्या नवरीला येऊन दोन वर्षं झालेली. ती आत काय करत होती त्या वेळी? डाळ निवडत होती का? आठवेना. आणि आठवेना म्हणून झोप येईना. शेजारी ती गाढ झोपलेली, तिच्या कानावर केसांची बट. तो त्या कानाकडं पाहत राहायचा. साधा कान. पाळीला सोन्याची बारीक टिकली. अशा कानात असं काय असतं?

मग सेलचं झालं. पांढुर्ण्यात लाईट जायची तर घंटे न् घंटे, म्हणून टेप बहुधा सेलवर. एका संध्याकाळी तो रजनीचं गाणं बसवत होता. रजनीची गेले दीड-दोन वर्षं एकच तक्रार, "भाऊ, ही गाणी फार खाली पडतात, माझा आवाजच लागत नाही," आणि तो सगळ्यांसमोर तिला म्हणायचा, "टेपमध्ये जे आहे ते आहे. रियाज कर." प्रतिभा आतून दिवा घेऊन आली, कोनाड्यात ठेवला, आणि जाता जाता म्हणाली, "गाणं थकून राहिलं तुमचं."

"काय?"

"थकून राहिलं ना. सेल उतरले असन. ते एवढं खाली नाही, रेडिओत लागते तवा वर राह्यते."

"तुले काय समजते त्याच्यातलं?" तो एकदम कडाडला. अनुनं पाटीवरून मान वर केली. "रेडिओवर केव्हाचं लागलं होतं, अन् तुले आठवते वर होतं का खाली होतं?"

प्रतिभा गोंधळली. "आठवते म्हणजे... तसंच राह्यते ना ते. बदलते थोडी." मग त्याच्या चेहऱ्याकडं पाहून म्हणाली, "नसन. मले काय समजते," आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाजारातून नवे सेल आणले. घालताना मनात म्हणत होता की काही फरक पडू नये. टेप लावला, हार्मोनियमच्या पट्टीवर बोट ठेवलं. उतरलेल्या सेलांवर टेप हळू फिरत होता; आता गाणं एक अख्खी पट्टी वर होतं. त्यानं वही उघडली. एक, दोन, चार, सात गाणी, सेलवर काढलेली सगळी, सगळी खाली. दोन वर्षं पाच माणसांना आणि एका बाईच्या गळ्याला तो उतरलेल्या सेलांच्या सुरात वाजवत होता. आणि घरातल्या घरात एक बाई हे रोज ऐकत होती, कदाचित दोन वर्षं तिच्या कानाला खुपत होतं, आणि मास्तरांच्या कामात बोलू नये म्हणून ती गप्प होती. तालमीला गेल्यावर तो रजनीला म्हणाला, "तू म्हणत होती ना खाली पडते म्हणून? घे, एक पट्टी वर चढवून आणलं. पुन्हा पाहून घेतलं मी." रजनी गायली आणि गोदामात तिचा आवाज पहिल्यांदा मोकळा झाला. "भाऊ, तुम्ही माझं ऐकलं," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मनोहर म्हणाला, "मोठा माणूस आहे आपला मास्तर, चूक झाली तं मानते." श्रीधरनं हात जोडल्यासारखं केलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते काय असतं, हे त्याला तिथं संत्र्याच्या वासात कळलं. पण तो बोलला नाही. एकदा न बोलल्यावर दुसऱ्यांदा न बोलणं फारसं जड जात नाही.

प्रतिभाचं माहेर सौसरचं. वडील, गुणवंता फिटर, तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये. लग्न ठरवायला श्रीधर गेला होता तेव्हा ते जेवताना कौतुकानं सांगत होते की पोरगी लहानपणी डबा घेऊन यायची, फाटकातूनच सांगायची, बाबा, तिसरं मशीन रडून राहिलं. जाऊन पाहावं तर पट्टा सैल, नाहीतर तेल संपलेलं. सगळे हसले होते. श्रीधरही हसला होता. त्याला तेव्हा तिचे डोळे आवडले होते, आणि कॉलेजात एक वर्ष शिकलेली आहे हे आवडलं होतं. मशीन रडतं ते हिला ऐकू येतं, ही गोष्ट त्यानं आमरसाबरोबर गिळून टाकली होती. आता तीच गोष्ट वर येऊन गळ्याशी बसली. त्या कपाशीच्या धुरळ्यात, त्या खडखडाटात, कोणी शिकवलं हिला? कोणीच नाही. आपल्यालाही कोणी शिकवलं नाही, हे तो आजवर छाती काढून सांगत आला होता.

नवरात्राच्या सहाव्या माळेला संध्याकाळी पाच वाजता सौसरच्या मैदानात कार्यक्रम होता. प्रतिभा आदल्या दिवशीच अनुला घेऊन माहेरी गेलेली; बायकांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, आईजवळ बसली होती. हिरवं लुगडं. स्टेजवरून ती त्याला स्पष्ट दिसत होती, आणि ती दिसू नये म्हणून तो मेंडोलिनकडं पाहत होता, आणि पुन्हा तिच्याकडं. आज तिला कळणार. स्वतःचं गुणगुणणं स्वतःला कळत नसेल, पण तेच लाउडस्पीकरमधून, हजार माणसांत, तारेवर वाजलेलं ऐकल्यावर कळणार नाही कसं? बाई उठून थोडीच ओरडणार आहे. पण पाहील. एकदा नुसती पाहील, आणि त्या पाहण्याखाली पुढची चाळीस वर्षं काढायची. बासरी संपायला आली. त्याच्या मनात आलं, नको वाजवू. तबल्याला जाऊ दे एकटा, पूर्वी जायचा तसा. बोटं थांबली नाहीत. म, ग, रे, आणि खालचा नी. मैदान एकदम शांत झालं. लोकांना काय झालं ते कळलं नसेल, पण झालं एवढं कळलं. गाणं संपल्यावर मनोहर माईकवर गेला आणि म्हणाला की हा जो खालचा तुकडा तुम्ही ऐकला तो मोठमोठ्या शहरातल्या ऑर्केस्ट्रात ऐकायला मिळत नाही, आमच्या श्रीधर मास्तरांच्या कानाची ही कमाई आहे. टाळ्या. छिंदवाड्यावाल्यांनीसुद्धा स्टेजमागून वाजवल्या. श्रीधरनं तिसऱ्या रांगेत पाहिलं. प्रतिभा उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि आईच्या कानाला लागून काहीतरी सांगत होती, आणि तिचं तोंड हसून हसून लाल झालेलं होतं.

रात्री सासुरवाडीतच राहिले. सकाळच्या बसनं निघाले. खिडकीशी अनु, मध्ये प्रतिभा, कडेला तो, मांडीवर मेंडोलिनची पेटी. जामसांवलीच्या देवळाच्या फाट्याला अर्धी बस उतरली. प्रतिभानं बसल्या जागी हात जोडले, अनुचे जोडवले. बस पुन्हा सुरू झाल्यावर ती म्हणाली, "तो खालचा तुकडा काय सुंदर काढला हो तुमी. आईले सांगत होती मी, अकरा दिवस बसून होते त्याच्यापायी. मी एवढी घरात असून मले कधी ऐकूच नाही आला तो."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. थट्टा करत नव्हती. ती कधी त्याची थट्टा करतच नसे. तिला खरंच माहीत नव्हतं. तिच्याच घशातून निघालेली गोष्ट तिनं काल पहिल्यांदा ऐकली होती, त्याची म्हणून, आणि तिला ती सुंदर वाटली होती. महिनाभर तो ज्या बाईशी मनातल्या मनात झगडला ती इथं बसमध्ये नव्हतीच. इथं बसली होती ती त्याच्यावर खूष होती. त्याला आपली इतकी घाण वाटली की तो बोलून गेला.

"तो तुझाच आहे."

"काय?"

"तो तुकडा. तू कणीक मळताना म्हणत होती. मी ऐकला अन् लिहून घेतला. अन् बाकीचेही. सांबारवडीच्या वक्ताचे." एकदा सुटल्यावर थांबलं नाही. "सेलचंही तुझंच. मी रजनीले सांगितलं मीच पाह्यलं म्हणून."

ती आधी हसली. मग अनुकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "खरंच?"

"खरंच."

"मंग तुमी सांगितलं काहून नाही?"

"आता सांगून राहिलो ना."

ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. त्याची तयारी होती, राग त्याला हवाच होता. ती रागावली नाही. खिडकीबाहेर संत्र्यांच्या बागा जात होत्या, तिकडं पाहत ती अगदी हळू, स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे मले येते." आणि तिचा चेहरा असा काही झाला की नऊ वर्षांत, अनु झाली तेव्हासुद्धा, त्यानं तो तसा पाहिला नव्हता. त्याच्या छातीतलं जे आत्ताच सैल झालं होतं ते पुन्हा आवळलं. येते! मलेही येते, आणि मी वीस वर्षं त्यासाठी... तो पेटीच्या कडीशी चाळा करत राहिला.

त्यानंतर पंधरा दिवस घरात गुणगुणणं नव्हतं. भाकऱ्या नुसत्याच थापल्या जायच्या. ती मधूनच थांबायची, ओठ मिटून ऐकल्यासारखं करायची, आणि पुन्हा कामाला लागायची. एकदा म्हणाली, "आता मी म्हणायले गेली की येतच नाही, कसं?" तो म्हणाला, "येईल." त्याला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतं म्हणून वाईट वाटत होतं, पण बरं जास्त वाटत होतं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी तो नव्या गाण्याचा पहिला पीस काढत बसला होता. सतारीचं सुटलं होतं, सतारीखालचं सुटत नव्हतं. तीन दिवस तेच. प्रतिभा पदराला हात पुसत बाहेर आली आणि सतरंजीवर त्याच्यासमोर बसली. याआधी ती त्याच्या या बसण्यात कधी येऊन बसली नव्हती.

"मी म्हणून पाहू काय?" तिनं विचारलं. "सकाळपासून ऐकून राहिली. हसू नका बरं."

"म्हण."

तिनं डोळे मिटले. हात मांडीवर, रिकामे. सुरुवात थोडी कापरी झाली, मग आवाज लागला. आणि सतारीखाली जे होतं ते, तीन दिवस त्याच्या हातातून निसटणारं, तिनं एका श्वासात पुढं मांडलं. शेवटी कोमल नीवर आली आणि थांबली. बरोबर होतं. पडताळायला टेप लावायचीही गरज नव्हती. ऐकल्याबरोबर ती जागा अशी बसली की तिथं दुसरं काही असूच शकत नव्हतं. तिनं डोळे उघडले.

"बरोबर आहे काय?"

आजपर्यंत तिनं त्याला असं कधी विचारलं नव्हतं. दाराच्या आड बसून तो जे ऐकायचा त्याला बरोबर-चूक नव्हतं, ते फक्त होतं. आता ती विचारत होती, आणि सांगायचं त्याच्या हातात होतं. तिच्या डोळ्यांत बसमधलं ते पुन्हा येऊ पाहत होतं, त्याच्या एका शब्दासाठी थांबलं होतं. त्यानं मेंडोलिनची खुंटी उगीच थोडी पिळली.

"शेवटचा सूर जरा वर पाहिजे," तो म्हणाला.

"वर?" तिच्या कपाळाला आठी पडली. "मले तं तसाच ऐकू आला."

"तुले तसं वाटलं असन. सतार आहे ना वरून, धोका होते."

"असं होय," ती म्हणाली. तिनं वाद घातला नाही. एवढी वर्षं ज्याचा कान पांढुर्ण्यात चालतो त्याच्याशी ती कशाला वाद घालेल? तिनं डोळे मिटून पुन्हा म्हटलं, आणि शेवटाला आली तशी थबकली, आणि नुसत्या श्रद्धेनं तो सूर उचलून वर ठेवला. शुद्ध नी. ऐकताना त्याच्या दातांतून कळ गेली. तिच्याही गेली असावी, तिनं मान किंचित मागं घेतली. पण तिनं तो सोडला नाही, धरून ठेवला.

"आता?"

"आता बरोबर."

"लिवा मंग," ती म्हणाली आणि समोर बसून राहिली. त्यानं वही उघडली आणि तिच्या डोळ्यांदेखत तसंच लिहिलं. ती उठून आत गेली. जरा वेळानं पोळपाटावर लाटणं फिरू लागलं आणि तिचा आवाज आला, सतारीखालचं सगळं सरळ, आणि शेवटी तो वरचा नी. पुन्हा सुरुवातीपासून, पुन्हा शेवटी तोच. विसरू नये म्हणून ती घोकत होती.